दोन फ्रेम आधी

नव्वद सेकंदांच्या होतात बावीसशे पन्नास फ्रेम्स.
हा हिशोब मी बसच्या तिकिटामागे केला
आणि सातपूर येईपर्यंत पुन्हा पुन्हा तपासला,
जणू एखादं शून्य जास्त पडलं असेल.

संगीत दानिशच्या चाचांचं.
भद्रकालीतल्या बँडच्या दुकानात,
मुहूर्त नसलेल्या एका मंगळवारी
इलियासचाचांनी क्लॅरिनेट तोंडाला लावलं
आणि सात मात्रांचं काहीतरी वाजवलं.
"वरातीत हे कुणी मागत नाही," म्हणाले,
"सातांवर लोकांचे पाय अडतात."
मोबाइल मी घड्या घातलेल्या लाल कोटांवर ठेवला होता.
एकेचाळिसाव्या सेकंदाला बाहेर स्कूटरचा हॉर्न वाजला.
तो मी काढून टाकला नाही.
त्याच्यासाठी एक पिवळी रेघ ओढली, तिरकी,
पुन्हा कुठेच न येणारी.

बाकी सगळे गोल.
फुगतात, एकमेकांत शिरतात, समेवर फुटतात.
जांभळे बरेच. केशरी मात्र रहाडीचा,
रंगपंचमी उलटून आठवडा झाला
तरी कानाच्या पाळीमागे सापडतो तो.

मोहरील मॅडमनी विचारलं, "द्राक्षांचे घड का गं हे?"
शार्दूल म्हणाला, कुंभातली गर्दी, वरून.
पाहुणे परीक्षक म्हणाले, पेशी.
मी म्हटलं, गोल आहेत.
नाशकात जांभळा गोल
नुसता गोल म्हणून सुटत नाही.

त्याआधीच्या रात्री:
लॅपटॉपचा पंखा मिक्सरसारखा ओरडतोय,
आणि मी आवाजाच्या तरंगात एकेक ठोका शोधतेय.
टोक जिथे उंच, तिथेच गोल फोडला, नेमका,
तरी तो उशिरा आल्यासारखा वाटायचा,
पंगत उठल्यावर पोचलेल्या पाहुण्यासारखा.
मॅडम म्हणाल्या, "दोन फ्रेम आधी फोड.
डोळ्याला कानापेक्षा जरा आधी वाढावं लागतं."
म्हणजे जुळवायचं, तर थोडं चुकवायचं.
मी सगळे ठोके दोन घरं डावीकडे सरकवले
आणि चित्र वाजायला लागलं.

बाबांना ते आवाजाशिवाय दाखवलं.
त्यांना सगळंच आवाजाशिवाय दाखवावं लागतं.
सव्वीस वर्षं पॉवर प्रेस,
कानात कापसाचे बोळे, तेही आठवले तर.
उजवा कान गेला, डाव्यात एक शिट्टी
दिवसरात्र, कधीच न सुटणाऱ्या शिफ्टची.

ते जेवत होते. मोबाइल वाटीला टेकवला.
पहिल्यांदा नुसतं पाहिलं, घास हातात.
दुसऱ्यांदा त्यांचं बोट ताटाच्या काठावर पडायला लागलं.
तीन, दोन, दोन.
तीन, दोन, दोन.
कुणी सांगितलं नव्हतं त्यांना.
आई ओट्यापाशी पोळी उलटायची थांबली.

मग बोट हवेतच राहिलं.
"इथे एक स्ट्रोक खाल्लास,"
बाबा म्हणाले, गरजेपेक्षा मोठ्याने.
"डाय बसायच्या आत पत्रा पुढे गेला."

अडुसष्टावा सेकंद.
तिथे फाइल बिघडली होती, चार फ्रेम्स गेल्या होत्या,
मी शेजारच्या ताणून भोक बुजवलं होतं
प्रोजेक्ट द्यायला तीन तास उरले असताना.
परीक्षकांना दिसलं नाही.
इलियासचाचांनाही नाही, ते तर
डोळे मिटून स्वतःलाच ऐकत होते.
गुण लागून महिना झाला होता.

हात धुताना बाबांनी विचारलं,
"ती मधली पिवळी कशाची?"
मी हवेत हँडल धरलं, अंगठ्याने बटण दाबलं.
ते हसले, ओल्या हाताने तसंच बटण दाबलं,
"तिला हात लावू नकोस," म्हणाले,
आणि डबा घेऊन सेकंड शिफ्टला गेले.

पोळी करपल्याचा वास येत होता.
मी अडुसष्टावा सेकंद उघडला.